पदपथावर गाडी लावायला मनाई आहेच, फलक असो वा नसो

आमच्या घरापासून औषधांचे दुकान दोनशे पावलांवर आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आईला रोज थोडे चालायला सांगितले होते, म्हणून पुण्यातल्या आमच्या गल्लीत तिने वॉकर घेऊन एवढेच अंतर चालायचे, असे आम्ही ठरवले होते. दुकानासमोरच्या पदपथावर त्या सकाळी चार दुचाकी आडव्या लावलेल्या होत्या. मागची चाके दुकानाच्या पायरीला टेकलेली आणि पुढची चाके रस्त्याच्या बाजूला पदपथाच्या अगदी काठावर आलेली. त्यांच्यामधून मांजर गेले असते, वॉकर जाण्याची शक्यता नव्हती. पदपथाचा कडेचा दगड वीतभर उंच आहे. मी आधी वॉकर खाली रस्त्यावर ठेवला, मग आईच्या काखेत हात घालून तिला उतरवले, आणि तेवढ्या वेळात मागून आलेल्या दोन रिक्षा आमच्यामुळे थांबून राहिल्या. एका दुचाकीचा मालक, विशीतला मुलगा, औषधे घेऊन बाहेर आला तेव्हा मी त्याला गाडी तिथे लावू नकोस असे म्हटले. तो उद्धटपणे बोलला नाही. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि खरोखरच्या प्रश्नासारखे विचारले, "पण काकू, इथे नो पार्किंगचा बोर्ड कुठे आहे?"

हा प्रश्न मी त्यानंतर अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, चांगल्या शिकलेल्या माणसांच्याही. फलक नाही म्हणजे परवानगी आहे, अशी समजूत आपल्याकडे पक्की झालेली आहे. पदपथाच्या बाबतीत ती पूर्णपणे चुकीची आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा या विषयातला मुख्य कायदा. त्यात 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दांची व्याख्या दिलेली आहे, आणि जिथे जाण्या-येण्याचा जनतेला हक्क आहे असा कोणताही रस्ता, वाट किंवा जागा तिच्यात बसते. पदपथही बसतो. या अधिनियमाच्या कलम ११८ ने केंद्र सरकारला गाड्या कशा चालवाव्यात याचे विनियम करण्याचा अधिकार दिला आहे. असे विनियम पहिल्यांदा १९८९ मध्ये झाले, आणि त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे आले. गाडी कुठे उभी करू नये, याची यादी दोन्हींमध्ये आहे, आणि दोन्ही याद्यांमध्ये पदपथ आहे. नव्या विनियमांत त्याच्या जोडीला सायकल मार्ग आणि पादचाऱ्यांची रस्ता ओलांडण्याची जागाही आहे. ही मनाई लागू होण्यासाठी तिथे फलक असण्याची अट नाही. घराच्या दारावर 'चोरी करू नये' असे लिहावे लागत नाही, तसेच हे आहे.

मग फलक कशासाठी असतात? गाड्यांच्या रस्त्याच्या कडेला, म्हणजे डांबरावर, गाडी उभी करणे सर्वत्र निषिद्ध नसते. कुठे चालते, कुठे नाही, कुठे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला लावायची, हे त्या-त्या रस्त्याच्या गरजेप्रमाणे ठरवले जाते, आणि ठरवलेले लोकांना कळावे म्हणून 'पी-१', 'पी-२' किंवा 'नो पार्किंग' अशा पाट्या लागतात. पदपथाबाबत असे काही ठरवायचे उरतच नाही. शिवाय एक साधी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही: पदपथावर गाडी लावायची तर ती आधी पदपथावर चढवावी लागते, आणि पदपथावरून वाहन चालवण्यालाही १९८९ पासून वेगळी मनाई आहे. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने परवानगी दिली असेल तेवढाच त्याला अपवाद होता. म्हणजे इंजिन बंद करण्याआधीच एक नियम मोडलेला असतो.

आता त्याच अधिनियमाचे कलम १२२ पाहू. ज्याच्या ताब्यात वाहन आहे त्याने ते सार्वजनिक ठिकाणी अशा रीतीने उभे ठेवू नये, की ज्यामुळे त्या ठिकाणाचा वापर करणाऱ्या इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल किंवा होण्याचा संभव असेल, असा त्याचा आशय आहे. या वाक्यातले दोन शब्दप्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला 'इतरांना': इतर वाहनांना नव्हे, त्या ठिकाणाचा वापर करणाऱ्या इतरांना. त्यात वॉकर घेतलेली बाई आली, शाळेत चाललेले मूल आले, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवालीही आली. दुसरा 'संभव असेल'. कुणी प्रत्यक्ष अडखळून पडेपर्यंत थांबण्याची गरज कायद्याला वाटत नाही, आणि 'आता तर इथून कुणी चालत नव्हते' हा बचाव त्यामुळे टिकत नाही. 'दोनच मिनिटांत आलो' या उत्तरालाही या कलमात जागा नाही, कारण त्यात वेळेची मर्यादाच दिलेली नाही.

वेळेची मर्यादा दुसऱ्या कलमात आहे, आणि तिच्यावरून बराच गैरसमज होतो. कलम १२७ म्हणते की सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन, किंवा जिथे उभे करण्यास कायद्याने मनाई आहे तिथे उभे केलेले वाहन, गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने टोइंग करून हलवता येते किंवा चाकाला जॅमर लावून अडकवता येते. यातला 'किंवा' वाचला जात नाही. दहा तासांची अट पहिल्या प्रकाराला आहे, मनाई असलेल्या जागेला नाही. पदपथावरची गाडी दहाव्या मिनिटालाही उचलता येते. उचलण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो आणि तो दंडाच्या व्यतिरिक्त असतो.

दंडाचे आकडे सांगताना थोडे सावध राहावे लागते, कारण एकाच कृत्याला लागू होऊ शकतील अशा तरतुदी अनेक आहेत आणि पोलीस त्यांतली कोणती लावतात यावर रक्कम ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १७७-अ नव्याने आले. कलम ११८ खालचे विनियम मोडले तर त्यानुसार किमान ५०० आणि कमाल १,००० रुपये दंड होऊ शकतो. जिथे स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही अशा उल्लंघनांसाठी कलम १७७ आहे, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत. वाहतूक अडेल अशा रीतीने गाडी उभी ठेवल्यास कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. दुरुस्तीपूर्वी तो तासाला ५० रुपये होता. चौकात किंवा मोबाइलवर जे ई-चलन येते ती या गुन्ह्याची तडजोड रक्कम, म्हणजे न्यायालयात न जाता प्रकरण मिटवण्यासाठी भरायची रक्कम, असते. ती राज्य सरकार ठरवते, आणि महाराष्ट्रात वाढलेल्या रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. उभ्या गाडीजवळ चालक बहुधा नसतो, म्हणून चलन गाडीच्या क्रमांकावरून मालकाच्या नावे निघते.

वाहन कायद्याच्या बाहेरही हा गुन्हा आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत असते. सार्वजनिक वाटेत अडथळा निर्माण करणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ नुसार २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २८५ झाले आणि दंडाची मर्यादा ५,००० रुपयांवर गेली. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्येही रस्त्यात वाहन उभे ठेवून अडथळा करण्यास मनाई आहे.

इथे एक खरी अडचण मान्य केली पाहिजे. दुकानासमोरची फरशी घातलेली प्रत्येक पट्टी पदपथच असते असे नाही. इमारत रस्त्यापासून काही अंतर मागे घेऊन बांधावी लागते, आणि ती मोकळी सोडलेली जागा, ज्याला आपण फ्रंट मार्जिन म्हणतो, इमारतीच्या मालकीची असते. पुष्कळ ठिकाणी दुकानदारांनी मार्जिनला आणि पदपथाला एकाच रंगाची फरशी घातल्यामुळे कुठे काय संपते तेच कळत नाही. पूर्णपणे मार्जिनमध्ये लावलेली गाडी पदपथावर लावलेली नसते. तिचे मागचे चाक बाहेर आलेले असेल, तर ते चाक मात्र पदपथावर असते. सोसायटीच्या फाटकासमोर पदपथाला दिलेला उतार हा गाडी आत-बाहेर नेण्यापुरता आहे, तिथे थांबण्यासाठी नाही. आपल्या दारासमोरचा पदपथ आपला, ही भावना स्वाभाविक असली तरी तिला कायद्यात आधार नाही.

कायदा इतका स्पष्ट असताना पदपथ भरलेले का दिसतात, हे समजून घ्यायला मी त्या दिवशी संध्याकाळी टेप घेऊन खाली गेले. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था आहे, आणि तिच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालण्यासाठीचा मोकळा पट्टा किमान १.८ मीटर रुंद असावा, डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची असावी आणि कडेचा दगड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा. मोकळा पट्टा याचा अर्थ झाड, विजेची डीपी, खांब आणि बाकडे वगळून उरलेली जागा. आमच्या गल्लीत योगायोगाने १.८ मीटरच मिळाले. साधी स्कूटर लांबीला सुमारे १.८ मीटर असते. म्हणजे आडवी लावलेली एकच स्कूटर नियमाप्रमाणे बांधलेला संपूर्ण पदपथ बंद करते, एक इंचही शिल्लक ठेवत नाही. भिंतीला समांतर लावली तर हँडल धरून सत्तर सेंटिमीटर जातात आणि एक मीटरच्या आसपास उरते. धडधाकट माणसाला एवढे पुरते. साइड स्टँडवर ती कलली, शेजारी डीपी आली, की तेही जाते.

हे मोजमाप झाल्यावर एक गोष्ट लख्ख झाली, आणि माझ्या मते ती या प्रश्नाच्या मुळाशी आहे. गाड्या चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी लोखंडी किंवा काँक्रीटचे खुंट, म्हणजे बोलार्ड, रोवले जातात. दोन बोलार्डमधली फट किती ठेवायची? चाकांच्या खुर्चीची रुंदी साठ-पासष्ट सेंटिमीटर असते, आणि ती ढकलणाऱ्याच्या हाताला जागा धरून नव्वद सेंटिमीटर तरी फट लागते. स्कूटर सत्तर सेंटिमीटरमध्ये जाते. जी फट खुर्चीला आत घेते ती स्कूटरला अडवू शकत नाही, आणि जी स्कूटरला अडवते ती खुर्चीलाही बाहेर ठेवते. चारचाकी बोलार्डने थांबते. दुचाकी थांबत नाही. दुचाकींच्या शहरात बांधकामाने हा प्रश्न पूर्णपणे सुटणार नाही आणि दंडाची कारवाई टाळता येणार नाही, ही गोष्ट त्या सत्तर सेंटिमीटरने ठरवून टाकली आहे. कडेचा दगड उंच करून गाड्या अडवण्याचा जो उपाय पूर्वी सर्रास केला गेला, त्याने काय झाले ते मी आईला उतरवताना पाहिले: तरुणाची स्कूटर उडी मारून चढते आणि म्हातारे माणूस चढू शकत नाही.

तरीही चांगल्या आखणीला अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, झाडे आणि बाकडी चालण्याच्या पट्ट्याबाहेर घेतली आणि गाड्यांसाठी खाली वेगळे कप्पे आखले, तेव्हा चालणे किती बदलते हे शहराने पाहिले. पुणे महापालिकेचे पादचारी धोरण २०१६ पासून कागदावर आहे, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिनही पाळला गेला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध चालणाऱ्या आजी-आजोबांचे चेहरे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना मी काय म्हणते आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही.

पदपथावरच्या पिवळ्या खडबडीत फरशीबद्दलही बोलले पाहिजे. उभ्या रेघांची फरशी 'सरळ चला' असे सांगते आणि गोल उंचवट्यांची 'थांबा, पुढे काहीतरी आहे' असे सांगते. दृष्टिहीनांसाठी पायाने वाचायची ही लिपी जपानमधल्या सेइइची मियाके यांनी तयार केली, आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा रस्त्यावर बसवली गेली. आपल्याकडे ती पट्टी अनेक नव्या पदपथांवर आहे, आणि नेमकी तिच्यावरच स्कूटरची रांग लागते. पांढरी काठी घेऊन त्या रेघांच्या भरवशावर चालणाऱ्या माणसाला रेघ थेट सायलेन्सरवर नेऊन आदळवते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगांना वापरता येतील असे रस्ते करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. बांधून दिलेली वाट अशी अडवली गेली, तर ती न बांधल्यापेक्षा वाईट ठरते, कारण तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस फसतो.

पदपथावरून उतरावे लागणे ही नुसती गैरसोय नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक. यांतले किती जण अडवलेल्या पदपथामुळे रस्त्यावर आले होते हे त्या आकड्यावरून ठरत नाही. पण चालणाऱ्याला गाड्यांच्या वाटेत उतरवणारी प्रत्येक गोष्ट हा धोका वाढवते, हे समजायला आकडेवारी लागत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे पूर्वीही पाहिले आहे. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांना हटवण्यावरून झालेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १९८५ मध्ये निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले, म्हणून तो निकाल प्रसिद्ध आहे. पण पदपथ ही सार्वजनिक मालमत्ता असून ती चालणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे आणि खासगी उपयोगासाठी अडवता येणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले होते. जिला दुसरे छप्पर नाही त्या झोपडीला जे सांगितले गेले, ते पेट्रोल भरून आलेल्या गाडीला आपण चाळीस वर्षे सांगितलेले नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजसीकरन यांनी २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी दाखल केलेल्या याचिकेत न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी स्पष्ट केले की वापरण्याजोग्या पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पदपथ दिव्यांगांना वापरता आले पाहिजेत आणि त्यांवरील अतिक्रमणे काढलीच पाहिजेत. त्याच प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांना मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८(१-अ) आणि कलम २१०-ड खाली पादचाऱ्यांविषयीचे आणि रस्त्यांच्या रचनेविषयीचे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले.

हे सगळे असूनही तक्रार करायला गेलेला माणूस दमतो, त्याचे कारण कामाची वाटणी असे मला वाटते. पदपथ बांधणे आणि दुरुस्त करणे महापालिकेकडे, त्यावरची वापरातली गाडी उचलणे वाहतूक पोलिसांकडे, महिनोन् महिने धूळ खात पडलेली बेवारस गाडी हटवणे पुन्हा महापालिकेच्या अतिक्रमण विभागाकडे. म्हणून तक्रार करताना गाडी कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहावे. वापरातली असेल तर वाहतूक पोलिसांना कळवावे. महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक अॅपवर नागरिकांना छायाचित्रासह तक्रार करता येते. टायर बसलेली, पाने साचलेली गाडी असेल तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. छायाचित्र काढताना नुसती नंबरप्लेट घेऊ नये. एकाच चौकटीत क्रमांक, कडेचा दगड आणि दुकानाची पाटी किंवा दुसरी कोणती ओळखीची खूण आली, तर गाडी पदपथावरच होती याविषयी वाद उरत नाही. गाडी स्वतः ढकलू नये, हवा तर मुळीच सोडू नये. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान केल्याचा आरोप मग आपल्यावर येतो, आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

त्या मुलाला मी एवढे सगळे सांगितले नाही. "बोर्डाची गरज रस्त्याला असते रे, फुटपाथला नाही," एवढेच म्हटले, आणि त्याने गाडी काढली. दुकानदाराला मात्र नंतर जाऊन नीट समजावले, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांच्या दोन गाड्या स्वतःच्या मार्जिनमध्ये तिरप्या मावतात हे शोधून काढले आणि तिथे पांढऱ्या रेघा मारून घेतल्या. गर्दीच्या वेळी अजूनही एखादी बाहेर येतेच.

राज्याच्या नियमांबाबत एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोटार वाहन अधिनियमाखालचे नियम अंतिम करण्याआधी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करणे कलम २१२ नुसार बंधनकारक आहे, आणि अशा मसुद्यावर कोणालाही हरकती आणि सूचना पाठवता येतात. मी दोन सूचना पाठवणार आहे. पदपथाची रुंदी नकाशावर मोजू नये, गाड्या, डीपी आणि पाट्या वगळून सकाळी दहा आणि संध्याकाळी सात वाजता प्रत्यक्ष किती मोकळी आहे ते मोजावे, ही एक. आणि गाडी वापरातली असो वा बेवारस, पदपथाची तक्रार घेण्यासाठी पोलीस आणि महापालिका यांनी मिळून एकच क्रमांक ठेवावा, ही दुसरी.